सदरा, लॅपटॉप आणि पहिलं वर्ष

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो, सीईटीचा जूनमध्ये, आणि प्रवेशाच्या कॅप फेऱ्या आटोपेपर्यंत ऑगस्ट उजाडतो. एवढ्या काळात सातारा-सांगलीकडच्या घराघरांत ‘पहिल्या वर्षाची तयारी’ चालू असते. ऐपत असेल तिथे ती खरेदीने होते: लॅपटॉप, स्पोकन इंग्लिशचा क्लास, पुण्यात कॉट बेसिसवर जागा. ऐपत नसेल तिथे ती भाषणाने होते. कराडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या आगरकरांकडे एकच सदरा होता, रात्री धुऊन ते तोच सकाळी घालत, मग तुला काय कमी आहे? ही गोष्ट आपल्याकडे सत्काराच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी सांगतोच. आणि दोन्ही घरांत शेवटी एक दिलासा ठरलेला: फर्स्ट इयरला तसं काही नसतं, रुळायला एक वर्ष जातंच.

माझा वाद या तिन्ही समजुतींशी आहे.

पुण्याचं आधी उरकून घेऊ. पुण्याला जाऊ नये असं मी म्हणत नाही. मनासारखी शाखा तिथेच मिळत असेल तर जरूर जावं. पण जाणं हीच तयारी, असं जे मानलं जातं ते खोटं आहे. सांगलीत विलिंग्डन १९१९ पासून आहे, वालचंद अभियांत्रिकी १९४७ पासून. कराडचं शासकीय अभियांत्रिकी १९६० चं. साताऱ्यात तर २०२१ पासून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठच आहे. वालचंदच्या वसतिगृहात मराठवाडा-विदर्भातली मुलं येऊन राहतात आणि सांगलीच्याच विश्रामबागेतला मुलगा मात्र पुण्यातल्या कुठल्याशा कॉलेजात जागा मिळावी म्हणून देव पाण्यात घालून बसतो. गाव बदलल्याने अभ्यासाची रीत बदलत नाही.

इंग्रजीचा बाऊ त्याहून मोठा. आपली मुलं इंग्रजीत मागे पडतात हे खरं आहे, पण ती बोलण्यात मागे पडतात म्हणून नापास होत नाहीत. पहिल्या वर्षी कुणी त्यांना इंग्रजीत गप्पा मारायला सांगत नाही. चाळीस पानांचं प्रकरण स्वतः वाचून त्यातलं काय महत्त्वाचं ते ओळखायला सांगतात. स्पोकनच्या क्लासात स्वतःची ओळख करून देणारी दहा वाक्यं पाठ होतात, ती मुलाखतीत कधीतरी कामाला येतीलही. चाळीस पानांपुढे त्यांचा उपयोग शून्य.

खरं दुखणं अकरावी-बारावीत आहे आणि त्याबद्दल आपण बोलत नाही. विज्ञान शाखेची बरीच मुलं ही दोन वर्षं नावाला ज्युनिअर कॉलेजात आणि प्रत्यक्षात क्लासात काढतात. ‘इंटिग्रेटेड’ हे त्याचं गोंडस नाव. क्लासाचं ध्येय एकच, सीईटी किंवा नीट. सीईटीत भौतिक आणि रसायनचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाला एक मिनिटही येत नाही, आणि उत्तर चुकलं तरी गुण कापले जात नाहीत, त्यामुळे येत नसेल तर कुठल्याही एका पर्यायावर क्लिक करून पुढे सरकायचं. दोन वर्षं याच सवयीत गेलेला मुलगा ऑगस्टमध्ये वर्गात बसतो आणि त्याला एक सिद्धता सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहायची असते. पर्याय दिलेले नसतात. प्रयोगशाळेत ब्युरेट भरताना हात थरथरतो, कारण बारावीचं जर्नल एकाने लिहिलेलं आणि बाकीच्यांनी उतरवलेलं. पर्सेंटाइल उत्तम असलेली मुलं पहिल्या सत्रात गणितात अडकतात तेव्हा पालक कॉलेजला दोष देतात. कॉलेजचे दोष आहेतच, पण दोन वर्षांत एकही सलग पान न लिहिलेल्या मुलाला कॉलेज चार महिन्यांत लिहितं कसं करणार?

आता ‘काही नसतं’ या दिलाशाकडे. तो पूर्वी अर्धा खरा होता. नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा राज्यात २०२३-२४ पासून स्वायत्त आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत आला, तेव्हापासून तो साफ खोटा आहे. सत्राला साधारण २२ क्रेडिट असतात, लेखी विषयाच्या एका क्रेडिटला १५ तास, आणि पहिल्या सत्रापासूनच सगळं खात्यावर जमा होत जातं. मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या विद्याशाखेतला एखादा खुला विषय निवडावा लागतो, भारतीय ज्ञान प्रणालीचा विषय येतो, कौशल्याचे विषय येतात. यातलं काय घ्यायचं हे अठरा वर्षांच्या पोराने जुलैत ठरवायचं असतं. बहुतेक जण पुढच्या बाकावरच्याने काय घेतलं ते बघून ठरवतात. अभियांत्रिकीत बॅकलॉग राहिला तर शेवटच्या वर्षी कॅम्पसला आलेल्या कंपन्या तो विचारतात, तेव्हा ‘रुळायला वर्ष गेलं’ हे कारण चालत नाही.

राहिला सदरा. या गोष्टीची मला खरी चीड आहे, कारण ती सांगणारे अर्धीच सांगतात. आगरकर डेक्कन कॉलेजात टिकले ते गरिबीमुळे टिकले नाहीत. शिष्यवृत्ती मिळवून, वर्तमानपत्रांत लेख लिहून, वक्तृत्वाच्या स्पर्धांत उतरून त्यांनी खर्च भागवला. म्हणजे त्यांना लिहिता-बोलता येत होतं आणि त्याचे पैसे मिळण्याची सोय होती. भाऊरावांच्या नावानेही हेच होतं. कमवा आणि शिका म्हणजे पोराने उपाशी राहून शिकावं, असा अर्थ काढून लोक मोकळे होतात. भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीत बसवलं आणि ती पंगत मोडू नये म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. मुलांनी दळण दळलं, ती शेतात राबली. पण आधी छप्पर आणि भाकरी मिळाली, मग काम. छप्पर न देता नुसतं काम सांगणाऱ्याने कर्मवीरांचं नाव घेऊ नये.

म्हणून ‘कागदपत्रं काय, होतील’ असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. कागद हीच गरीब घरातली पहिली तयारी. राज्य सरकारच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. जतच्या किंवा माणच्या एखाद्या बापाला हे ठाऊक असेल आणि उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर वेळेत हातात असेल, तर मुलीचं शिक्षण होतं. नसेल तर ‘यंदा जवळच बीए कर’ असं होतं. जुलैत सेतू केंद्रापुढे रांग लागते आणि सर्व्हर बंद पडतो. हे काम मेमध्ये व्हायला हवं. मेस आणि खोलीचा खर्च या माफीत येत नाही, त्यासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्यासारख्या योजनेचा अर्ज वेगळा करावा लागतो, हेही मेमध्येच कळलं पाहिजे.

मात्र हा अर्ज मुलाने स्वतः भरावा. आज काय होतं? फॉर्म बाबा भरतात, ओटीपी बाबांच्या मोबाइलवर येतो, पासवर्ड बाबांच्या डायरीत असतो. पोरगं कॉलेजात गेल्यावर शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर त्रुटी निघते आणि त्याला स्वतःच्या अर्जाचा क्रमांकही सांगता येत नाही. एसटीचा पास, बँकेचं खातं, सेतूतला दाखला या तीन खिडक्यांपुढे एकट्याने उभं राहून परत पाठवलं जाणं, पुन्हा जाणं, हे पोराने या सुट्टीत करून बघावं. ग्रंथालयातून किंवा वरच्या वर्गातल्या कुणाकडून पहिल्या वर्षाचं एक पुस्तक आणावं. पूर्ण नको, एकच प्रकरण. ते वाचावं, मिटावं आणि समजलं ते पेनने लिहून काढावं, मराठीत लिहिलं तरी चालेल. पहिल्यांदा अर्धं पान होईल. लॅपटॉप दिवाळीत घेतला तरी काही बिघडत नाही.

कुणी म्हणेल, हे सगळं मुलांवर आणि आईबापांवर टाकलंत, कॉलेजांचं काय? रास्त आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागतासाठी ‘दीक्षारंभ’ आखून दिला आहे. बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ शाल, श्रीफळ आणि पाहुण्यांचं तासभर भाषण असा होतो, आणि त्या भाषणात सदरा येतोच. त्याऐवजी पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाच्या हातात ब्युरेट द्यावी, एक पान लिहून घेऊन ते तपासून परत द्यावं, खुल्या विषयांची यादी समजावून सांगावी आणि शिष्यवृत्तीच्या कारकुनाला व्यासपीठावर बोलवावं. त्याला पाहुण्यांपेक्षा जास्त वेळ द्यावा.