खदानीत टाकतो, तेच विहिरीतून शेंदतो

वाशिम जिल्ह्यात कोळसा नाही, लोखंड नाही. आहे तो काळा दगड. म्हणून खाण म्हटले की आपल्याला चंद्रपूर आठवते आणि गावाबाहेरची खदान ही खाणच आहे, याचा विसर पडतो. दगड संपला, क्रशर हलला, ठेकेदार गेला. मागे राहिला तो प्रचंड खड्डा. सातबाऱ्यावर त्याला मालक असतो. जबाबदारी विचारायला जा, कोणीच नसतो.

मालेगाव तालुक्यातल्या अशाच एका बंद खदानीच्या काठावर मागच्या श्रावणात उभा होतो. पाणी हिरवे, दाट. त्यावर सोयाबीनच्या फवारणीच्या रिकाम्या बाटल्या, कोंबडीच्या पिसांची फुटलेली पोती, प्लास्टरच्या मूर्तीचा एक हात, आणि कडेला अडकलेले, फुगलेले वासरू. तिथून शंभर पावलांवर हापशी. एक बाई गुंड भरत होती. पाणी कसे आहे, विचारले. ती म्हणाली, "पावसाळ्यात वास येते जी. फडक्यानं गाळून घेतो."

फडक्याने काडीकचरा गाळला जातो. कीटकनाशक गाळले जात नाही. तिला हे कोणी सांगितले नव्हते, आणि ज्यांनी सांगायला हवे होते ते शिकलेसवरलेले लोक आपल्या घरी फिल्टरचे पाणी पीत होते.

आपल्या जमिनीची ठेवण विहीर खणणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली तडे गेलेला दगड, मग अखंड पाषाण. पाऊस माती-मुरुमातून झिरपत, निवळत खाली जातो आणि मुरुमात, दगडाच्या तड्यांत साठतो. मुरूम हीच आपली गाळणी आणि तेच आपले कोठार. खदान पाडताना सगळ्यांत आधी काढले जातात ते हेच थर. पुढे सुरुंगाने तडे आणखी उघडतात आणि स्फोटकांतला नायट्रेट दगडाला चिकटून राहतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट चालत नाही. तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद त्याने घटते. अशा उघड्या जखमेत आपण उकिरडा ओततो. मग ती घाण जमिनीच्या पोटात कोणत्या वाटेने फिरते, हे शेजारच्या वावरातली विहीर सांगते.

आणि आपला जिल्हा तर उगमाचा. काटेपूर्णा इथून निघून पूर्णेला मिळते. महानच्या धरणातले तिचेच पाणी अकोला शहर पिते. अडाण आणि अरुणावती उलट दिशेने पैनगंगेकडे जातात. एक पाणी पश्चिम समुद्राचे, दुसरे पूर्व समुद्राचे. उगमावर बसलेल्या माणसाने पाणी नासवले तर खालच्याने जायचे कुठे?

प्राचीन वत्सगुल्म ते हेच वाशिम. इथे एकशे आठ तीर्थे होती असे आपण अभिमानाने सांगतो. पद्मतीर्थाच्या काठी हात जोडतो, आणि तेच हात घरी येऊन मेलेले ढोर खदानीत ढकलतात. जमिनीखाली तीर्थ वेगळे आणि खदान वेगळी नसते. 1927 साली महाडला चवदार तळ्याच्या एका ओंजळीसाठी माणसांनी डोकी फोडून घेतली. पाण्यावरचा तो हक्क इतका महाग पडला असताना आपण आज सर्वांसाठी खुले असलेले पाणी कोणीच पिऊ नये असे करून ठेवतो. हे पाप आहे. दुसरा शब्द मला सापडत नाही.

दोष एकट्या ठेकेदारावर ढकलू नका. स्वामित्वधन घेणाऱ्या शासनाने खड्डा मोजला, पाणी मोजले नाही. ग्रामपंचायतीने कचरा टाकायला फुकटची जागा मिळाली म्हणून सुटकेचा श्वास सोडला. खदानीतून निघालेल्या गिट्टीचा स्लॅब टाकून आपण राहतो. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याने विहिरीत, नाल्यात, भूगर्भातल्या पाण्यातसुद्धा घाण सोडायला मनाई केली आहे. कायदा आहे, त्याचे नाव घेऊन उभा राहणारा गावात नाही.

रस्ते नकोत असे माझे म्हणणे नाही. समृद्धी महामार्ग आपल्याच मालेगाव, मंगरुळपीर, कारंज्यातून गेला, आणि रस्ता म्हटला की दगड-मुरूम लागणारच. पण शेजारच्या बुलढाण्याने नाले, तलाव खोल करून निघालेला गाळ-मुरूम राष्ट्रीय महामार्गांना दिला आणि त्या खोलीत पाणी साठवले. खड्डा दोन्हीकडे पडला. तिकडे तो पाण्यासाठी पडला, इकडे कचऱ्यासाठी.

येत्या 1 मेच्या ग्रामसभेत हा एकच विषय मांडा. खदानीतला कचरा उपसून बाहेर न्या. गावाच्या सांडपाण्याचा नाला तिच्याकडे वळू देऊ नका. काठाला बांध घाला, कुंपण घाला, म्हणजे पोरे बुडणार नाहीत. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचे ठरले आहे. तुमच्या गावातल्या त्या पाच जणी शोधा आणि खदानीजवळच्या विहिरी, हापशा त्यांच्याकडून तपासून घ्या. आकडे चावडीवर लिहा. मे संपला की पाऊस येतो, आणि तोवर त्या खड्ड्यात जे असेल ते सगळे खाली उतरते.