शाळा नको, मैदान हवे?

अमेरिकेतील सार्वजनिक शाळांच्या मैदानांवर गेली तीस वर्षे एक वाद धुमसत आहे. जी मुले शाळेत न जाता घरी आईवडिलांच्या हाताखाली शिकतात, त्यांना गावच्या सरकारी शाळेच्या संघातून खेळण्याचा हक्क असावा काय? वरवर पाहता हा खेळाचा वाद आहे. प्रत्यक्षात सार्वजनिक संस्था कोणाची, हा त्यातील खरा प्रश्न आहे. म्हणूनच तो आपल्याही विचाराचा विषय ठरतो.

गृहशिक्षणाची चळवळ केवळ प्रतिगाम्यांची, असे समजणे चुकीचे होईल. शाळा मुलांचे कुतूहल मारते, असे सांगणाऱ्या जॉन होल्ट यांनी 1977 साली या पालकांसाठी नियतकालिक काढले. पुढे धर्मनिष्ठ ख्रिस्ती कुटुंबांचा ओघ वाढला आणि 1993 पर्यंत सर्व 50 राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर झाले. करोनाच्या साथीत, 2020 च्या वसंतापासून शरदापर्यंत, गृहशिक्षण देणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण 5.4 टक्क्यांवरून 11.1 टक्क्यांवर गेल्याचे तेथील जनगणना खात्याला आढळले.

फ्लोरिडाने 1996 साली या मुलांना सरकारी शाळांचे संघ खुले केले. त्याचा लाभ घेणारा टिम टीबो 2007 साली महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वोच्च हाइझमन करंडक जिंकून गेला. आज निम्म्याहून अधिक राज्यांत या ना त्या स्वरूपात अशी मुभा आहे आणि असे कायदे टीबोच्याच नावाने ओळखले जातात. परंतु हव्या त्या शाळेच्या संघात खेळता यावे म्हणून टीबो आईसह दुसऱ्या काउंटीत बिऱ्हाड करून राहिला होता, ही गोष्टही विसरून चालणार नाही. किती मजूर आयांना दुसरे बिऱ्हाड थाटता येईल?

या पालकांचा मुख्य युक्तिवाद असा : आम्ही कर भरतो, म्हणून संघात जागा आमच्या हक्काची. हा युक्तिवाद आपण साफ नाकारला पाहिजे. कर म्हणजे क्लबाची वर्गणी नव्हे. मूलबाळ नसलेला म्हाताराही शाळेसाठी कर भरतो; तो काही विकत घेत नसतो, समाजाचे ऋण फेडीत असतो. नागरिकाला एकदा गिऱ्हाईक मानले, की शाळेचे दुकान व्हावयास वेळ लागत नाही.

विरोधकांचा मुद्दा अधिक वजनदार आहे. टेक्ससने 1984 साली नियम केला, की एखाद्या विषयात 70 पेक्षा कमी गुण पडले तर विद्यार्थ्याने काही आठवडे सामन्यांबाहेर बसावे. शाळेतील मुलगा शिक्षकांच्या कसोटीला उतरल्याशिवाय खेळू शकत नाही. घरी शिकणाऱ्याला मात्र आईनेच उत्तीर्ण ठरवावयाचे काय? व्हर्जिनियाचे गव्हर्नर टेरी मॅकॉलिफ यांनी 2015 ते 2017 अशी सलग तीन वर्षे असे विधेयक परत पाठविले, ते मुख्यतः या विषमतेवर बोट ठेवूनच. त्यात पैशाचाही प्रश्न आहे. बहुतेक राज्यांत शाळेचे अनुदान पटावरील वा हजर विद्यार्थ्यांच्या संख्येवर ठरते. मूल पटावरून गेले की अनुदान घटते; प्रशिक्षकाचा पगार मात्र घटत नाही.

खरा धोका याच्याही पुढे आहे. 2025 साली टेक्ससच्या विधिमंडळाने खाजगी शिक्षणासाठी पालकांच्या खात्यात सार्वजनिक पैसा टाकणारी 100 कोटी डॉलरची योजना मंजूर केली. तीत गृहशिक्षणासाठी वर्षाला 2,000 डॉलरपर्यंतची तरतूद आहे. त्याच अधिवेशनात शाळांचे संघही या मुलांसाठी अधिक खुले करण्यात आले : स्थानिक मंडळाने स्पष्ट नकार दिला नाही, तर परवानगी आहेच असे धरावयाचे. एका हाताने शाळेचा निधी न्यावयाचा आणि दुसऱ्या हाताने तिचे मैदान मागावयाचे, असा हा व्यवहार आहे.

मग दार बंद करावे काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. शाळा सोडण्याचा निर्णय बापाचा असतो; त्याची शिक्षा बारा वर्षांच्या मुलीला का? सवंगड्यांत मिसळणे, हरणे, परक्याच्या मुलाला चेंडू देणे हे घरात शिकता येत नाही. घरच्या चार भिंतींत वाढणाऱ्या मुलाला निराळ्या वर्णाच्या आणि निराळ्या मिळकतीच्या घरांतील मुले जेथे भेटतील, अशी जागा मैदानच आहे. ज्याला समाजापासून दूर ठेवले गेले, त्याच्या तोंडावर समाजाने दार लावणे हा सूड झाला, धोरण नव्हे.

परंतु हा हक्क बापाच्या करपावतीचा नाही, मुलाचा आहे. आणि म्हणून तो समान अटींवरच मिळावा. राहत्या वस्तीतीलच शाळा, शाळेने घेतलेली तीच परीक्षा, निवडीची तीच कसोटी आणि त्या मुलाच्या खेळाचा खर्च सरकारने शाळेला देणे, या चार गोष्टी कायद्यात लिहिल्या पाहिजेत. त्याचबरोबर शाळांचा निधी खाजगी खात्यांत वळविण्यास ठाम विरोध हवा. शाळाच मोडली तर मैदान राहणार नाही, आणि मग कोणाच्याच मुलाला संघ उरणार नाही. सार्वजनिक संस्था सर्वांची असते, हे खरे. पण ती टिकवण्याची जबाबदारीही सर्वांचीच असते.