स्कॅनर एक, कंपन्या अनेक : फोनपे-गुगल पेच्या चढाओढीत दुकानदाराच्या हाती काय?

आठवडी बाजारात भाजीच्या पाटीवर स्कॅनर असतो पेटीएमचा, गिऱ्हाईक पैसे देतं गुगल पेवरून आणि पैसे जमा होतात स्टेट बँकेच्या खात्यात. गिऱ्हाईक पळवायला टपलेल्या या कंपन्या इथं मात्र एकमेकींचं काम बिनबोभाट करतात. हे कसं जमतं आणि असंच फुकट चालत राहील का, हा प्रश्न आता किराणा दुकानापासून वडापावच्या गाड्यापर्यंत सगळ्यांचा आहे.

रस्ता सामाईक, गाड्या वेगळ्या

सुरुवातीला मोबाईलवर पैशाचं ‘वॉलेट’ आलं तेव्हा एका कंपनीच्या वॉलेटमधले पैसे दुसऱ्या कंपनीच्या वॉलेटमध्ये जात नव्हते. एका डेअरीचं कार्ड दुसऱ्या डेअरीत चालत नाही, तसला प्रकार. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि ही भिंत पडली. यूपीआय चालवते नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, म्हणजे एनपीसीआय. रिझर्व्ह बँक आणि देशातल्या बँकांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही संस्था. हा रस्ता वापरायचा तर कुठल्याही ॲपचे पैसे कुठल्याही बँकेत गेलेच पाहिजेत, असा नियम आहे. म्हणजे कंपन्यांचं सहकार्य हे मनाच्या मोठेपणातून आलेलं नाही, ते नियमाने आलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले, त्यामागे हेच कारण आहे.

मग चढाओढ कशाची?

चढाओढ आहे ती तुमच्या मोबाईलवर कुणाचं ॲप उघडतं याची. यूपीआयचे दर दहा व्यवहारांपैकी आठ फोनपे आणि गुगल पे या दोनच ॲपवरून होतात. फोनपे वॉलमार्टच्या मालकीची, गुगल पे गुगलची. दोन्ही अमेरिकी कंपन्या.

गंमत अशी की खात्यातून खात्यात जाणाऱ्या पैशावर या कंपन्यांना दुकानदाराकडून काही मिळत नाही. जानेवारी २०२० पासून असा आकार शून्य आहे. छोट्या दुकानदारांच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांसाठी सरकार बँका आणि कंपन्यांना प्रोत्साहन रक्कम देतं. २०२४-२५ साठी त्याला १,५०० कोटी रुपये मंजूर झाले. बाकी कमाई आजूबाजूने होते : पैसे आल्याचं ओरडून सांगणाऱ्या स्पीकरचं भाडं, रिचार्जवरचा जादा आकार, विमा आणि कर्ज. दुकानात रोज किती गल्ला जमतो हे ॲपला दिसतं, म्हणून ‘तुमच्यासाठी कर्ज मंजूर’ असा मेसेज येतो. स्कॅनर फुकट लावून देण्यामागचं गणित हे आहे.

मर्यादा ठरली, पण पुढे ढकलली

एका ॲपकडे ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्यवहार नकोत, असं एनपीसीआयने २०२० मध्येच ठरवलं होतं. जुन्या कंपन्यांना आधी २०२२ अखेरची, मग २०२४ अखेरची आणि नंतर ३१ डिसेंबर २०२६ ची मुदत मिळाली. अडचण सरळ आहे. लोक स्वतःहून जे ॲप वापरतात ते त्यांच्याकडून काढून कसं घ्यायचं? आणि घेतलं नाही तर सगळा कारभार दोघांच्याच हातात राहतो.

सामाईक रस्त्याचा फायदा आणि धोका

फायदा २०२४ मध्ये दिसला. रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले तेव्हा अनेक दुकानदार घाबरले. पण पेटीएम ॲप दुसऱ्या चार बँकांशी जोडलं गेलं आणि यूपीआय चालू राहिलं. ज्यांचे पैसे थेट त्या पेमेंट्स बँकेत जमा व्हायचे, त्यांना मात्र दुसरं खातं जोडावं लागलं. धोका मार्च आणि एप्रिल २०२५ मध्ये दिसला. यूपीआयच अडखळलं आणि सगळी ॲप एकदम थंडावली. रस्ता बंद पडला की कुठलीही गाडी असो, ती जागेवरच उभी.

माल विकताना हा रस्ता नाही

ऑनलाइन माल विकताना अशी सोय अजून रुळलेली नाही. ॲमेझॉनवर नोंदवलेली हळद फ्लिपकार्टवर आपोआप दिसत नाही. प्रत्येकाची नोंदणी, कमिशन आणि अटी वेगळ्या. इथेही सामाईक रस्ता हवा म्हणून २०२१ च्या अखेरीस ‘ओएनडीसी’ स्थापन झालं. शेतकरी उत्पादक कंपन्याही त्यावर आल्या आहेत. पण पैसे पाठवणं सोपं. माल पोचवणं, परत घेणं आणि खराब निघाला तर जबाबदारी कुणाची हे ठरवणं अवघड. म्हणून तिथली वाटचाल संथ आहे.

दुकानदारांनी काय ध्यानात ठेवावं?

- एकाच ॲपवर विसंबू नये. दुसऱ्या कंपनीचा किंवा बँकेचा स्कॅनर जवळ असावा.
- स्कॅनरचे पैसे नेमके कोणत्या खात्यात जातात, हे तपासावं.
- स्पीकरचं भाडं खात्यातून आपोआप कापलं जातं का, हे महिन्याला बघावं.
- कर्जाच्या मेसेजवर बोट लावण्याआधी व्याज आणि रोजची कपात विचारावी.

पैशाचा रस्ता आज फुकट आहे तो नियमामुळे. नियम बदलला तर पहिला फटका गल्ल्यावरच बसेल.