रक्त कमी आहे? लोहाची गोळी घेण्याआधी ‘एमसीव्ही’ पाहा

‘रक्त कमी आहे’ म्हटलं की घरात बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे सुरू होतात आणि मेडिकलमधून लोहाची गोळी येते. बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण बी१२ किंवा फोलेट कमी पडल्यामुळेही अ‍ॅनिमिया होतो. त्यात तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या, पण संख्येने कमी तयार होतात. याला मॅक्रोसायटिक अ‍ॅनिमिया म्हणतात. इथे नुसतं लोह घेऊन काही साधत नाही.

सीबीसीच्या रिपोर्टमध्ये आपण हिमोग्लोबिन वाचतो आणि कागद घडी करून ठेवतो. त्याच कागदावर एमसीव्ही, म्हणजे पेशीचा सरासरी आकार असतो. प्रौढांमध्ये तो साधारण ८० ते १०० हवा. त्याच्या वर गेला तर डॉक्टरांना विचारा. लोह आणि बी१२ दोन्ही कमी असतील तर मात्र हा आकडा नॉर्मलही दिसतो, हे लक्षात असू द्या.

या आजाराचा मुंबईशी जुना संबंध आहे. ब्रिटिश डॉक्टर लुसी विल्स १९२८ मध्ये इथे आल्या आणि त्यांनी गरोदर गिरणी कामगार स्त्रियांमधल्या याच अ‍ॅनिमियाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये मांडलं. त्या अर्कातला गुणकारी घटक फोलेट होता, हे पुढे कळलं.

फोलेट आपल्या ताटात भरपूर आहे: पालक, मेथी, हरभरा, मूग, चवळी. आपण ते घालवतो कसं? भाजी उकडून पाणी पिळून टाकतो. त्या पाण्याबरोबर फोलेटही जातं. भाजी झाकण ठेवून, थोड्या पाण्यात, थोडाच वेळ शिजवा.

बी१२ चं गणित वेगळं. ते भाजीपाल्यात नाही. अंडी, मासे, मटण खाणाऱ्यांना सहसा पुरतं. शाकाहारींचा आधार दूध, दही, पनीर. चहातलं चमचाभर दूध यात धरू नका! इडली, आंबील आंबवलेली असली तरी बी१२ साठी त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. दूधही न घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावीच, असं माझं स्पष्ट मत आहे. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा कळते.

मनाने फॉलिक अ‍ॅसिडचं टॉनिक घेणं मला सर्वांत धोक्याचं वाटतं. बी१२ कमी असताना ते घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, पण नसांची हानी आत चालूच राहते. (गरोदरपणात डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र बंद करू नका.) रोजच्या दारूनेही पेशी मोठ्या होतात, तिथे आहार सुधारून भागत नाही.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्येही बी१२ घटू शकतं. पायाला मुंग्या आल्या की ‘शुगरमुळे असेल’ म्हणून सोडून दिलं जातं. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे बी१२ च्या तपासणीचा विषय काढा.