बुडबुडे दिसले म्हणून बेट्टाची जोडी लावू नका
नर बेट्टाने पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं केलं की लगेच मादी सोडायची घाई नको. मादी नसली तरी तो घरटं बांधतोच! एका विणीत शंभर-दोनशे पिल्लं सहज निघतात आणि दोन-तीन महिन्यांत नर एकमेकांच्या शेपट्या फाडायला लागतात. मग प्रत्येकाला वेगळी बरणी. शंभर नर, प्रत्येकी 2 लिटर, म्हणजे एका वेळी 200 लिटर पाणी. तेही बदलत राहायचं. मुरुडात मे महिन्यात कुठून आणणार? 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, विसरलात का? माझं म्हणणं सरळ आहे: आधी गिऱ्हाईक मोजा, बरण्या मोजा, मगच जोडी लावा. न विकलेली पिल्लं विहिरीत सोडायची नाहीत, हेही धरूनच हिशोब करा.