अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये स्पिरिट नको, साबणाचे पाणीच बरे!

कवळी, चष्मा, दागिने स्वच्छ करायचे छोटे अल्ट्रासॉनिक मशीन आता बऱ्याच घरांत दिसते. "डॉक्टर, त्यात पाण्याऐवजी स्पिरिट किंवा सॅनिटायझर घातले तर जंतूही मरतील ना?" असे पेशंट विचारतात. माझे मत स्पष्ट आहे: घालू नका. घरच्या मशीनला साधे पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब पुरेसे आहेत.

असे का? यातली बरीचशी मशीन सेकंदाला सुमारे ४०,००० कंपने निर्माण करतात. त्यामुळे पाण्यात अतिसूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि खाचाखोचांतला मळ सुटतो. म्हणजे मुख्य काम कंपनांचे आहे. साबण फक्त तेलकटपणा सोडवायला मदत करतो. "जितके कडक लिक्विड तितकी जास्त सफाई" हा समज इथे चुकीचा आहे आणि धोक्याचाही.

स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर, पेट्रोल हे सगळे ज्वालाग्राही आहेत. शुद्ध अल्कोहोल १२ ते १७ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याइतकी वाफ सोडते. आपल्या घरातले तापमान बहुतेक वेळा त्याहून जास्तच असते. त्यात मशीन चालू असताना द्रव आणखी तापते आणि मशीन विजेवर चालते. एक ठिणगी पडली तरी भडका उडू शकतो.

ब्लीच आणि टॉयलेट क्लीनरही नकोत. दोन्हींमुळे स्टीलची टाकी खराब होते. चुकून ते एकत्र आले तर क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो. दम्याच्या रुग्णांना तो विशेष घातक ठरतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर मिसळले तरी तेच होते.

आता जंतूंविषयी. स्वच्छ होणे म्हणजे निर्जंतुक होणे नव्हे. दाताच्या दवाखान्यात अवजारे अशा मशीनमध्ये धुतल्यावर ऑटोक्लेव्हमध्ये १२१ किंवा १३४ अंशांच्या वाफेत ठेवतात, ती त्याचसाठी. म्हणून इन्सुलिनच्या सुया किंवा शुगर तपासायच्या लॅन्सेट मशीनमध्ये धुऊन पुन्हा वापरू नका, दुसऱ्याला तर मुळीच देऊ नका.

एवढे लक्षात ठेवा:
- पाणी दर वेळी बदला. कवळीसाठी ते गरम नको, नाहीतर कवळीचा आकार बिघडतो.
- झाकण लावा आणि चालू मशीनमध्ये बोटे घालू नका.
- मोती, पोवळे, पाचू आणि कानाचे मशीन त्यात टाकू नका.
- कवळी वाहत्या पाण्याखाली नीट धुऊनच तोंडात घाला.

माझ्या मते विकणाऱ्यांनी "यात काय घालू नये" हे मशीनवरच मराठीत, मोठ्या अक्षरांत छापायला हवे. ही मशीन वापरणाऱ्यांत कवळीवाले आजी-आजोबा बरेच असतात. बारीक इंग्रजी माहितीपत्रक ते कसे वाचणार? तोपर्यंत तुम्हीच एका कागदावर "फक्त पाणी आणि साबण" असे लिहून मशीनवर चिकटवा.