झाडीपट्टीची वाहिनी कोण आखणार?

दिवाळी आटोपून धानाची कापणी उरकत आली की, गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजेच वडसा, येथील नाट्यमंडळ्यांच्या कचेऱ्यांत गावोगावच्या उत्साही मंडळांची ये-जा सुरू होते. मंडईची तारीख, नाटक, नट, नर्तकी आणि रक्कम यांचा सौदा तेथे ठरतो. मग गावचे मंडळ कनात लावते, तिकिटे विकते आणि रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत रंगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतील झाडीपट्टी रंगभूमीचा हा व्यवहार शासकीय अनुदानाच्या कुबड्यांवर उभा नाही; पदरचे पैसे मोजणाऱ्या शेतकरी आणि शेतमजूर प्रेक्षकावर तो उभा आहे. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या अनेकांना या रंगभूमीचे अस्तित्व प्रथमच कळले असेल.

हाच प्रेक्षक घरच्या दूरचित्रवाणीसाठीही पैसे मोजतो. २०१९ पासून ग्राहकाने वाहिन्या निवडाव्यात आणि निवडीप्रमाणे दाम द्यावा, अशी पद्धत अमलात आली. प्रत्यक्षात वाहिन्यांचा संच घाऊक गळ्यात पडतो, हा भाग वेगळा. मराठी मनोरंजनाच्या खासगी वाहिन्या १९९९ मध्ये अल्फा मराठीपासून सुरू झाल्या. २००० मध्ये ई टीव्ही मराठी आणि २००८ मध्ये स्टार प्रवाह आली. एवढ्या काळात झाडीबोली बोलणारे कुटुंब त्यांच्या पडद्यावर कितीसे दिसले? पूर्व विदर्भाची बोली कानी पडते ती बहुधा हशा पिकविण्यापुरती. पैसे देणारा ग्राहक आणि पडद्यावर न दिसणारा माणूस एकच असावा, ही विसंगती कोणाला फारशी खुपत नाही.

याचा दोष गुणवत्तेच्या अभावाकडे नाही. वाहिनी म्हणजे केवळ नट आणि कॅमेरे नव्हेत. ती प्रथम कागदावर जन्माला येते. प्रेक्षक कोण, तो कोणत्या वेळी घरी असतो, रोज किती तासांचा नवा कार्यक्रम परवडेल, तासाला खर्च किती, वर्गणीतून किती येईल आणि जाहिरातीतून किती, केबलवर जागा मिळवण्यासाठी काय मोजावे लागेल, याची मांडणी करून ती भांडवलदाराच्या गळी उतरवावी लागते. वडशाचा निर्माता यातील निम्मी गणिते तोंडी करतो. कोणत्या गावाला करुण नाटक हवे, लावणी कोणत्या अंकानंतर घालावी आणि तिकीट कितीचे ठेवावे, हे त्याला पाठ असते. मात्र ते लिहून मांडण्याचे शिक्षण त्याला कोणी दिलेले नाही. पुण्याच्या चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेत दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन यांचे धडे देण्यात आले. कार्यक्रम घडवणारे हात त्यातून तयार झाले. वाहिनी आखणारी डोकी, आणि तीही जंगल-जिल्ह्यांतली, तयार करण्याचा विचार मात्र झाला नाही.

दूरचित्रवाणी ग्रामीण करण्याचा प्रयत्न देशात झालाच नाही, असे नव्हे. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोचवले गेले; त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. त्याच सुमारास गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पीजच्या प्रक्षेपकावरून स्थानिक माणसांच्या सहभागाने कार्यक्रम तयार होऊ लागले. तो प्रयोग नावाजला गेला आणि तरीही १९८५ मध्ये पीजचे प्रक्षेपण थांबले. वरून आलेल्या मंजुरीवर जे चालते, ते वरच्या आदेशाने बंदही पडते. खेड्याकडे नव्हता तो पैसे देणारा प्रेक्षक झाडीपट्टीकडे आहे.

स्वतंत्र वाहिनी ही गरिबाची चैन आहे, हा आक्षेप खरा आहे. २०११ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी बातम्यांव्यतिरिक्तच्या पहिल्या वाहिनीसाठी कंपनीकडे पाच कोटींची निव्वळ मालमत्ता मागितली होती. वडशाच्या मंडळीने एवढी रक्कम कोठून आणावी? म्हणून प्रशिक्षणाची सुरुवात केबलचालकाच्या स्थानिक वाहिनीपासून किंवा मोठ्या वाहिनीवरच्या साप्ताहिक तासापासून करणे शहाणपणाचे ठरेल. मोबाईलवर सारे फुकट मिळत असता वाहिनी कोण घेणार, असेही विचारले जाईल. थंडीच्या रात्री कनातीत बसण्यासाठी तिकीट काढणारा माणूस हेच त्याचे उत्तर. कार्यक्रमाची आखणी पडद्याच्या आकारावर अवलंबून नसते.

या शिक्षणात कायद्याला मानाचे स्थान हवे. ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून ‘नई दिल्ली’ हा चित्रपट बेतला, अशी तक्रार नाटककार आर. जी. आनंद यांनी केली होती. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो, तो तिच्या विशिष्ट मांडणीवर असतो, असे स्पष्ट केले. याचा अर्थ उघड आहे. मुंबईतल्या थंडगार दालनात आपली कल्पना तोंडी सांगून परतणारा झाडीपट्टीचा कलावंत ती जवळजवळ दान करून येतो. प्रस्ताव लिहावा कसा, सांगण्यापूर्वी गोपनीयतेचा करार मागावा कसा आणि करारात पुनःप्रक्षेपणाचा मोबदला धरावा कसा, हे कॅमेऱ्याइतकेच शिकवले पाहिजे.

गोंडीचा प्रश्न तर याहून मोठा. २०११ च्या जनगणनेत या भाषेचे २९ लाखांहून अधिक भाषक नोंदले गेले, परंतु ते महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि आंध्र-तेलंगणात विखुरलेले आहेत. आठव्या अनुसूचीत गोंडीला स्थान नाही. राज्याच्या चौकटीत विचार करणाऱ्या वाहिनीला त्यांचा एकेक तुकडाच दिसतो आणि तुकडा व्यापारी दृष्टीने क्षुल्लक ठरतो. उपग्रहाला राज्यांच्या सीमा नसतात. चार राज्यांतील हा प्रेक्षक एकत्र मोजून दाखवणारा पहिला प्रस्ताव भामरागड-एटापल्लीच्या तरुणाने लिहिला, तर तो सहज नाकारता येणार नाही.

२०११ साली स्थापन झालेल्या गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने हे काम अंगावर घ्यावे. मात्र वर्गांचे वेळापत्रक नागपूर-मुंबईच्या सोयीने ठरवू नये. हिवाळ्यात कलावंत प्रयोगांत असतात, मे महिन्यात कित्येक घरे तेंदूपत्त्याच्या मागे असतात आणि पावसाळा लागला की रोवणी. रोवणी उरकल्यानंतर व नव्या हंगामाच्या तालमी भरात येण्यापूर्वी जे काही आठवडे हाती लागतात, तेवढ्यांतच हे वर्ग भरवावे लागतील, आणि तेही वडशात.